दफ्तर, संगणक आणि इतिहासाचे अध्यापन

इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम दोन ठिकाणी चालते. एक दफ्तरखान्यात, जेथे तो साधने धुंडाळतो, ती एकमेकांशी ताडून पाहतो आणि त्यांतून अनुमान काढतो. दुसरे वर्गात, जेथे त्या अनुमानापर्यंत पोचण्याची वाट तो विद्यार्थ्यांना दाखवतो. गेल्या पाऊणशे वर्षांत, आणि त्यातही १९९० नंतरच्या काळात, या दोन्ही ठिकाणी संगणकाचा जो शिरकाव झाला आहे, त्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एका पक्षाला वाटते, की सगळी दफ्तरे एकदा यंत्रात भरली म्हणजे इतिहाससंशोधनातील कष्टांचा अंत होईल. दुसऱ्या पक्षाला वाटते, की कागदाला हात न लावता केलेले संशोधन हे संशोधनच नव्हे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्राध्यापकांनी काय केले, त्यांना कोठे यश आले आणि कोठे त्यांची फसगत झाली, हे पाहिल्यावाचून यांपैकी कोणत्याही मताचा निवाडा करता येत नाही. तेवढ्यासाठीच हा आढावा आहे. यात अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा येथील उदाहरणे अधिक येतील, कारण हे काम प्रथम तेथे झाले. परंतु ज्या प्रश्नापाशी हे विवेचन येऊन थांबेल तो पेशवे दफ्तराचा आणि मोडी लिपीचा, म्हणजे सर्वस्वी आपला आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: संगणकाने शोधण्याचे श्रम कमी केले असले तरी पारखण्याचे वाढवले आहेत, आणि जी साधने यंत्राला वाचता येतात तेवढीच हळूहळू इतिहासकाराच्या दृष्टीस पडू लागल्यामुळे, ज्यांची दफ्तरे हस्तलिखित आहेत त्या समाजांवर एका नव्या प्रकारचे विस्मरण ओढवण्याची भीती निर्माण झाली आहे.

या कामाचा आरंभ एका पाद्र्यापासून झाला असे मानण्याचा प्रघात आहे. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट विद्वानाने १९४९ साली आयबीएम कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लॅटिन लेखनाची शब्दसूची पंचकार्डांच्या यंत्रांवर तयार करण्यास त्यांचे साहाय्य मिळवले. सुमारे एक कोटी शब्दांची ती सूची छापून पुरी होण्यास तीन दशके लागली. इतिहासकारांनी मात्र यंत्र प्रथम हाती धरले ते शब्दांसाठी नव्हे, आकड्यांसाठी. जनगणनेची पत्रके, कराच्या वह्या, चर्चमधील जन्ममृत्यूच्या नोंदी यांची मोजदाद करून सामान्य माणसाचा इतिहास लिहिता येईल अशी आशा १९६० नंतर बळावली, आणि फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी तर १९६८ साली असे भाकीत केले, की उद्याच्या इतिहासकाराला प्रोग्रॅम लिहिता आला नाही तर त्याला काही भवितव्यच उरणार नाही.

त्या आशेची कसोटी अमेरिकेत लागली. रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन या दोघांनी १९७४ साली 'टाइम ऑन द क्रॉस' हा ग्रंथ प्रसिद्ध करून अमेरिकेतील गुलामगिरीच्या अर्थव्यवहाराचे संगणकाच्या साहाय्याने गणित मांडले. लुइझियानातील बेनेट बॅरो नावाच्या मळेवाल्याने आपल्या रोजनिशीत गुलामांना दिलेल्या फटक्यांच्या शिक्षांची यादी ठेवली होती. तिच्यावरून या ग्रंथकारांनी हिशेब केला, की दर माणशी दर वर्षी सरासरी ०.७ वेळा ही शिक्षा झाली, म्हणजे वर्षाकाठी एकदाही नाही. या निष्कर्षाचा समाचार घेताना हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने तीच यादी पुढे ठेवली आणि दाखवून दिले, की दोन वर्षांत १६० वेळा फटके मारले गेले याचा अर्थ दर साडेचार दिवसांनी त्या मळ्यावर कोणाला तरी, इतर सर्वांच्या देखत, मारले जात होते. आकडे दोघांचे एकाच रोजनिशीतले होते. भय हे ज्या व्यवस्थेचे मुख्य साधन, तिचे मोजमाप दरडोई सरासरीने होत नाही, ही गोष्ट यंत्राने कोणाला सांगितली नाही. ती गटमनला सुचली, कारण मळ्यावर उभे राहून पाहणाऱ्या गुलामाच्या जागी तो स्वतःला कल्पू शकला. फोगेल यांना पुढे १९९३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे पुष्कळ काम आजही मान्य आहे. तथापि इतिहासाच्या वर्गात संगणकाचा पहिला धडा द्यावयाचा असेल, तर तो या साडेचार दिवसांच्या हिशेबाचाच द्यावा असे मला मनापासून वाटते.

१९९० नंतर जे परिवर्तन झाले ते निराळ्या जातीचे होते. यंत्र आता केवळ हिशेबनीस राहिले नाही. ते दफ्तरखाना झाले. व्हर्जिनिया विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड आयर्स यांनी अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील दोन परगणे निवडले, उत्तरेकडील पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन आणि दक्षिणेकडील व्हर्जिनियातील ऑगस्टा, आणि त्या दोहोंतील पत्रे, रोजनिश्या, वृत्तपत्रे, जनगणनेच्या नोंदी आणि शिपायांची दफ्तरे 'व्हॅली ऑफ द शॅडो' या नावाखाली सर्वांस खुली केली. यात नवीन काय होते, तर आयर्स यांनी आपला ग्रंथ लिहून होण्याच्या आधीच आपली साधने वाचकाच्या हवाली केली. कोणाही शाळकरी मुलाला त्यांच्या निष्कर्षांची शहानिशा करता यावी, इतकेच नव्हे तर त्याच कागदांवरून वेगळा इतिहास लिहिता यावा, अशी ती रचना होती. पुढे त्यांनी या सामग्रीवरून लिहिलेल्या ग्रंथाला बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. पण विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी त्या मूळ कागदांवर जे निबंध लिहिले, त्यांचे मोल त्या पारितोषिकाहून कमी नव्हे.

या क्षेत्राला खरी शिस्त लावली ती जॉर्ज मेसन विद्यापीठातील रॉय रोझेनझ्वाइग यांनी. कामगारांच्या सामाजिक इतिहासाचा हा अभ्यासक. इतिहास हा जितका प्राध्यापकांचा तितकाच सामान्य लोकांचा, ही त्याची मूळ निष्ठा. आणि संगणकाकडे तो वळला तो याच निष्ठेपायी. १९९४ साली त्यांनी इतिहास आणि नवमाध्यमे यांच्यासाठी एक केंद्र स्थापन केले, ज्याला २००७ साली झालेल्या त्यांच्या अकाली निधनानंतर त्यांचेच नाव देण्यात आले. ११ सप्टेंबर २००१ च्या घटनेनंतर या केंद्राने न्यूयॉर्कमधील सहकाऱ्यांसह सामान्य नागरिकांच्या आठवणी, ईमेल, छायाचित्रे असा दीड लाखांवर ऐवज गोळा केला, आणि २००३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो आपल्या संग्रहात स्वीकारला. २००६ साली याच केंद्रातून संदर्भांची टिपणे ठेवण्याचे 'झोटेरो' हे साधन विनामूल्य बाहेर पडले, आणि २०१७ साली दफ्तरखान्यात घेतलेल्या छायाचित्रांची व्यवस्था लावणारे 'ट्रोपी'. ही दोन्ही साधने दिसायला किरकोळ आहेत. परंतु आज कोणताही संशोधक दफ्तरखान्यातून परतताना मोबाइलमध्ये हजारो चित्रे घेऊन येतो, आणि कोणते पान कोणत्या पुडक्यातले हे त्याच वेळी लिहून ठेवले नाही तर ती चित्रे महिन्याभरात निरुपयोगी होतात. नक्कल उतरताना जी टिपणे आपोआप होत असत ती आता मुद्दाम करावी लागतात, आणि त्यांची सवय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून लावणे हे प्राध्यापकाचे काम आहे.

इंग्लंडमधील एका उदाहरणाचा मी जरा विस्ताराने विचार करतो, कारण त्यात या साऱ्या उद्योगाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे छापील वृत्तांत १६७४ पासून १९१३ पर्यंत निघत होते. टिम हिचकॉक, रॉबर्ट शूमेकर आणि क्लाइव्ह एम्स्ली या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली २००३ पासून ते सर्वांना खुले झाले. खटल्यांची संख्या १,९७,७४५ आणि शब्द बारा कोटींहून अधिक. १८३४ पर्यंतचा मजकूर दोन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे टंकित करवून घेतला गेला आणि दोन्ही प्रतींत जेथे जेथे तफावत आली तेथे मूळ पानावरून निर्णय केला गेला. त्यानंतर प्रत्येक खटल्यातील आरोपीचे नाव, गुन्हा, निकाल आणि शिक्षा यांवर खुणा घालण्यात आल्या. इतकी मशागत झाल्यामुळेच आज एखादी विद्यार्थिनी विचारू शकते, की अठराव्या शतकात खिसेकापूपणाच्या आरोपावरून किती स्त्रिया उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी कितींना काळ्या पाण्यावर पाठवले. आणि घटकाभरात तिच्यापुढे उत्तर येते. हिचकॉक आणि विल्यम टर्केल यांनी याच मजकुरातील खटल्यांच्या लांबीचा अभ्यास करून एकोणिसाव्या शतकात गुन्हा आधीच कबूल करून मोकळे होण्याची जी रीत वाढली तिचा माग काढला. एकेक खटला वाचणाऱ्याला ही गोष्ट कदाचित आयुष्यभर दिसली नसती.

आता याची दुसरी बाजू. हे वृत्तांत म्हणजे न्यायालयाचे दफ्तर नव्हे. ते विक्रीसाठी छापले जात. साक्षी संक्षेपाने येत, बचावाचे म्हणणे पुष्कळदा गाळले जाई, आणि १७९० नंतर काही काळ तर, निर्दोष सुटलेल्यांच्या हकिकती वाचून गुन्हेगार शहाणे होतील या भीतीने, नगराच्या अधिकाऱ्यांनी त्या छापण्यासच मनाई केली होती. हे ठाऊक नसलेल्या माणसाने त्या वर्षांचा आलेख काढला, तर लंडनमधील न्यायाधीश एकाएकी कठोर झाले असा सिद्धान्त तो मांडून बसेल. ज्यांनी हा संग्रह उभा केला त्या प्राध्यापकांनी ही सूचना त्यात ठळकपणे नोंदवली आहे, ही त्यांची थोरवी. परंतु शोधाच्या चौकटीत शब्द टाकून थेट उत्तरावर उतरणारा वाचक त्या सूचनेपर्यंत जातोच असे नाही.

ओल्ड बेलीच्या वाट्याला जी निगा आली ती फार थोड्या संग्रहांना लाभली आहे. बहुतेक ठिकाणी पानाचे चित्र घेतात आणि अक्षरे ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवतात. ब्रिटिश लायब्ररीतील वृत्तपत्रांची या दृष्टीने जी तपासणी झाली तिचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रांतील शंभरांपैकी ७८ शब्द यंत्राने बरोबर वाचले होते, आणि त्याआधीच्या बर्नी संग्रहातील अवघे ६५. म्हणजे त्या संग्रहात एखादे नाव सापडले नाही, तर ते नाव तेथे नाही असे अनुमान काढण्यास काहीच आधार राहत नाही. 'आढळले नाही' हा पुरावा मानण्यापूर्वी कोण शोधत होते आणि कशाने शोधत होते हे सांगितले पाहिजे. आणि तरीही संशोधनपर लेखांतून वाचक पाहतो तो संदर्भ असतो छापील वृत्तपत्राचा, जणू लेखकाने त्याचे अंक चाळले होते.

याचा परिणाम किती दूरवर पोचतो हे कॅनडातील प्राध्यापक इयन मिलिगन यांनी मोजून दाखवले. कॅनडाच्या इतिहासावरील डॉक्टरेटच्या प्रबंधांत 'टोरांटो स्टार' या वृत्तपत्राचे उल्लेख १९९८ साली ७४ होते. ते वृत्तपत्र शोधता येईल अशा रूपात उपलब्ध झाल्यानंतर २०१० साली ७५३ झाले, आणि वृत्तपत्रांचा उपयोग करणाऱ्या प्रबंधांची संख्या मात्र दोन्ही वर्षी जवळजवळ तेवढीच होती. टोरांटोचे महत्त्व बारा वर्षांत दसपट वाढले नव्हते. ज्या गावांची वृत्तपत्रे यंत्रात आली नाहीत ती गावे मागे पडली होती. २०१६ साली पिट्सबर्ग विद्यापीठातील लारा पटनम यांनी हाच विचार पुढे नेऊन असे मांडले, की पूर्वी परदेशातील साधनांसाठी त्या देशात जाऊन राहावे लागे, तेथील भाषा, माणसे आणि मतभेद यांची ओळख आपोआप होई. आता घरबसल्या त्या देशाचा एकेक परिच्छेद उचलता येतो आणि ती ओळख मात्र होत नाही. मला या दोन निबंधांत या सगळ्या क्षेत्रावरील सर्वांत गंभीर टीका दिसते, आणि ती करणारे दोघेही यंत्राचे शत्रू नाहीत, नित्य उपयोग करणारे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि मोजणे आणि मांडणे यांत यंत्राने जी खरी भर घातली तिचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. डेव्हिड एल्टिस आणि त्यांचे सहकारी यांनी अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराच्या एकेका जहाजाची नोंद जमवली. १९९९ साली सीडीवर निघालेल्या पहिल्या आवृत्तीत सत्तावीस हजारांवर सफरी होत्या, आज त्या सुमारे छत्तीस हजार झाल्या आहेत. आणि सुमारे सव्वा कोट माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली, त्यांपैकी एक कोट सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली, हा आज सर्वमान्य झालेला अंदाज त्या कष्टांचे फळ आहे. हार्वर्डचे प्राध्यापक व्हिन्सेंट ब्राउन यांनी १७६०-६१ मधील जमेकातील गुलामांच्या उठावाचा नकाशा तयार केला. त्या उठावाविषयीचे सगळे कागद उठाव मोडणाऱ्या इंग्रजांनी लिहिलेले. बंडवाल्यांचा एकही शब्द त्यात नाही. पण कोणत्या तारखेला लढाई कोठे झाली हे जमिनीच्या चढउतारांसह नकाशावर मांडताच, विस्कळीत दंगा म्हणून वर्णिलेल्या घटनांमागे डोंगर, रस्ते आणि बंदरे जाणणाऱ्या माणसांची योजना उमटू लागली. मुक्या केलेल्या माणसांचा हेतू त्यांच्या हालचालींवरून ओळखण्याची ही रीत आपल्याकडील आदिवासींच्या आणि रामोशी-बेरडांच्या उठावांच्या अभ्यासकांनी अवश्य उचलावी.

वर्गातील प्रश्न याहून नाजूक आहे. रोझेनझ्वाइग यांनी २००६ साली विकिपीडियावरील पंचवीस अमेरिकन व्यक्तींची चरित्रे प्रतिष्ठित कोशांतील चरित्रांशी ताडून पाहिली आणि त्यांपैकी फक्त चारांत वस्तुस्थितीच्या चुका आढळल्याचे नमूद केले. उणीव होती ती लेखनाच्या प्रवाहीपणात आणि अर्थ लावण्याच्या धैर्यात. त्यावरून त्यांनी प्राध्यापकांना सल्ला दिला तो असा, की विद्यार्थ्यांना मनाई करण्यापेक्षा ज्ञानकोशाचा उपयोग कोठवर करावा हे शिकवा आणि स्वतः त्यात लिहा. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडील महाविद्यालयांत या सल्ल्याचा पूर्वार्धही अजून अमलात आलेला नाही. मनाई असते आणि उपयोगही सर्रास असतो, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत काही शिकवले जात नाही.

रोझेनझ्वाइग यांच्याच जॉर्ज मेसन विद्यापीठातील मिल्स केली यांनी २००८ साली एक धाडसी अभ्यासक्रम चालवला. विद्यार्थ्यांनी एडवर्ड ओवेन्स नावाचा एक काल्पनिक चाचा, चेसापीक उपसागरातला अमेरिकेतील अखेरचा, निर्माण केला, त्याच्यासाठी पुरावे रचले, ज्ञानकोशात नोंद घातली, आणि सत्र संपेपर्यंत काही जाणत्या माणसांनीही त्यावर विश्वास ठेवला. बनावट कागद करून पाहिल्याशिवाय बनावट कागद ओळखता येत नाही हा केली यांचा युक्तिवाद मला पटतो. २०१२ सालच्या दुसऱ्या खेपेस रेडिटवरील वाचकांनी अशीच एक कथा अर्ध्या तासाच्या आत उघडी पाडली, हेही बोधप्रद आहे. परंतु सार्वजनिक ज्ञानकोशात जाणूनबुजून असत्य पेरणे मला गैर वाटते. ज्या देशात इतिहासातील एका खोट्या दाखल्यावरून माणसे रस्त्यावर उतरतात, तेथे हा प्रयोग वर्गाच्या चार भिंतींत करावा आणि सत्राअखेर सगळे कागद नष्ट करावेत.

इतिहासाच्या प्राध्यापकांना अंतर्मुख करणारा निष्कर्ष मात्र सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांच्या २०१७ मधील अभ्यासातून निघाला. डॉक्टरेट असलेले दहा इतिहासकार, वृत्तसंस्थांत सत्यासत्य तपासण्याचे काम करणारे दहाजण आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील पंचवीस विद्यार्थी यांच्यापुढे काही संकेतस्थळे ठेवण्यात आली. विद्यार्थी आणि इतिहासकारांपैकी बरेचजण समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि भारदस्त नाव, सुबक बोधचिन्ह, तळटीपा यांना भुलले. तपासनीसांनी काही क्षणांतच ते पान सोडले आणि ही संस्था कोण, तिला पैसा कोण पुरवतो, इतर तिच्याविषयी काय म्हणतात, हे दुसरीकडे जाऊन पाहिले. कागद कोणाच्या हातचा, कोणत्या हेतूने लिहिलेला, हा प्रश्न साधनचिकित्सेत पहिला असतो. बखर वाचताना आपण तो विचारतोच. पडद्यावरील मजकुरापुढे तीच सवय शहाण्यासुरत्या अभ्यासकांची सुटली. यावरचा उपाय खर्चाचा नाही: एखादा तास फोन घेऊन बसावे आणि शिवकालाविषयी फिरणाऱ्या एका मजकुराचा उगम विद्यार्थ्यांसह शोधावा. आठवड्याला एक याप्रमाणे एक सत्र हे केले, तर त्याचा उपयोग पदवीनंतर आयुष्यभर होतो.

जतनाचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. इंग्लंडमधील 'डूम्सडे बुक' या मध्ययुगीन पाहणीच्या बाडाला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली लक्षावधी लोकांच्या सहभागाने तत्कालीन ब्रिटनची नोंद लेझर चकत्यांवर केली. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि तो मजकूर सोडवण्यासाठी तज्ज्ञांना खपावे लागले, तर १०८६ सालचे मूळ बाड आजही वाचता येते. यंत्रात भरलेला कागद फेकून देऊ नये, एवढे यावरून दफ्तरखान्याच्या प्रत्येक व्यवस्थापकाने ध्यानात घ्यावे. प्राध्यापकांच्या अशा श्रमांची कदर न होणे हाही एक अडसर होता. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने २०१५ साली अशा कामाचे मूल्यमापन कसे करावे याचे नियम घालून दिले. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाने दहा वर्षे खपून कागदांची निर्दोष सूची केली तरी बढतीच्या वेळी तिचे वजन एका साधारण लेखाइतके धरले जात नाही, आणि हे चित्र पालटल्याशिवाय तरुण माणसे या वाटेला येणार नाहीत.

आता आपल्या दाराशी येऊ. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे एकंदर बावीस खंड सिद्ध झाले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० ते १९३४ या अवधीत गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. हे सारे मिळूनही पुण्याच्या दफ्तरखान्यातील रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यांचा, अल्प अंश होय. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणीशी, पागा अशा वर्गवारीने बांधलेल्या त्या रुमालांतील कोट्यवधी कागद मोडीत आहेत, आणि त्यांपैकी फार मोठा भाग आजवर कोणी वाचलेला नाही.

आज एखादा विद्यार्थी, नागपूरचा असो की न्यू जर्सीचा, मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेविषयी संगणकावर शोध घेतो तेव्हा त्याच्या हाती काय लागते? १८२६ सालचा ग्रँट डफचा ग्रंथ, मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, कंपनीच्या अंमलदारांचे अहवाल. म्हणजे इंग्रजीत छापलेले, यंत्राला सुलभ असलेले सर्व काही. त्याहून पुढची गोष्ट अशी, की डच ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे पन्नास लाख हस्तलिखित पाने नेदरलंड्समधील संशोधकांनी यंत्राकडून वाचवून शोधण्याजोगी केली आहेत. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या वार्ता तेथून बटाव्हियाला जात. वखारवाल्या डचाने महाराजांविषयी काय लिहिले हे ॲमस्टरडॅममधील विद्यार्थ्याला क्षणात सापडावे आणि महाराष्ट्राच्या गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी, देशमुखांनी, कारकुनांनी काय लिहिले ते आपल्यालाच सापडू नये, ही स्थिती मला दुःखाची वाटते. टोरांटोच्या वृत्तपत्राने कॅनडात जे घडवले तेच येथे, पण किती मोठ्या प्रमाणावर!

यंत्राला मोडी शिकवता येणार नाही असे मुळीच नाही. इन्सब्रुक विद्यापीठातून निघालेल्या 'ट्रान्सक्रिबस'सारख्या साधनांची पद्धत अशी आहे, की माणसाने अचूक वाचून लिहिलेली पुरेशी पाने यंत्रापुढे ठेवायची आणि त्यावरून त्याने ते वळण शिकायचे. परंतु मोडीच्या अडचणी तिच्या स्वतःच्या आहेत आणि त्या जाणणारा माणूस प्रथम पाहिजे. शब्द तोडून लिहिलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. 'राजश्री' म्हणून 'रा' आणि 'मौजे' म्हणून 'मौ' एवढेच लिहून कारकून पुढे जातो. तारखांचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. पत्रावर पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असतो आणि वर्षच नसते. असलेच तर शुहूर सनाचे, अरबी शब्दांत, 'अर्बा खमसैन मया व अलफ' असे, म्हणजे ११५४, आणि त्यात ५९९ मिळवले म्हणजे १७५३ साल निघते, पण सन मृगापासून बदलत असल्यामुळे कागद पुढल्या जानेवारीनंतरचा असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवावे लागतात. मोडक आणि खरे या अभ्यासकांच्या जंत्र्यांवरून हे गणित आजवर हाताने होत आले. यंत्र ते निमिषात करील. परंतु वर्ष नसलेल्या पत्राला संपादकाने मजकुरावरून जे वर्ष तर्काने दिले असेल, ते तर्काचे आहे ही खूण यंत्रात घातली नाही, तर शंभर वर्षांपूर्वीचा एक अंदाज उद्या निर्विवाद तारीख होऊन बसेल. तीच गोष्ट रुमालाची. सुटा कागद पडद्यावर छान दिसतो; पण तो कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या मागेपुढे बांधलेला होता हे गमावले, तर त्याचा अर्धा अर्थ गेला.

म्हणून महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इतिहास अभ्यास मंडळांना माझी विनंती अशी आहे. पदव्युत्तर वर्गात मोडीवाचनाची प्रश्नपत्रिका ऐच्छिक न ठेवता मराठ्यांचा काळ घेणाऱ्या प्रत्येकाला आवश्यक करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रभरात काही मोजकी पाने अक्षरशः उतरून काढावीत. जेथे वाचन संशयित असेल तेथे तशी खूण करावी, संक्षेप जसे आहेत तसे ठेवून त्यांचा उलगडा वेगळा द्यावा, आणि रुमालाचा क्रमांक व तारखेचा आधार प्रत्येक पानासोबत नोंदवावा. गुरुजनांनी ते तपासावे, आणि तपासलेले काम प्रबंधिकेच्या तोडीचे मानून त्याचे गुण द्यावेत. चार-सहा विद्यापीठांनी एका ठरावीक नमुन्याने हे केले, तर काही वर्षांत यंत्राला शिकवण्यापुरती पाने सहज जमतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्राने वाचलेले तपासू शकणारी माणसे तयार झालेली असतील. मोडीच्या अक्षरांना युनिकोडमध्ये २०१४ सालीच स्थान मिळाले आहे, तेव्हा लिपीची सबब आता उरलेली नाही. हे काम येत्या शैक्षणिक वर्षापासून हाती घ्यावे.